बयाबाईच्या चुलीचा धूर

जे मुळात नाहीच, ते कमी करता येत नाही. हे सत्य भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. शिरूरकडच्या एका रोड रोलर बनवणाऱ्या कंपनीच्या मात्र वेळेवर आलं, याबद्दल तिचं कौतुक करावं तेवढं थोडं.

सन २०५० पर्यंत आपला धूर शून्यावर आणू, असा शब्द कंपनीनं जगाला दिला होता. (त्या साली आजचा एकही साहेब नोकरीत असणार नव्हता, म्हणून शब्द एकमतानं दिला गेला.) आता रोलर म्हटला की धूर आलाच. धूर कमी करायचा तर रोलर कमी करावे लागतील, आणि मग शब्द पाळायला कंपनीच उरायची नाही. तेव्हा दुसऱ्या कुणाचा तरी धूर कमी करावा आणि तो आपल्या नावावर धरावा, असं ठरलं. त्यासाठी वडगाव रासाईच्या पुढचं, भीमाकाठचं एक गाव निवडलं. घरोघरी बिनधुराची चूल द्यायची आणि गावाला शाळेच्या दोन खोल्या.

कंपनीकडून पाहणीला आलेल्या प्राचीमॅडमची गावानं फार निराशा केली. एकशे बारा घरं, एकशे बारा गॅसच्या शेगड्या. जे कंपनीला २०५० साली जमणार होतं, ते या लोकांनी कुणालाही न विचारता उरकून टाकलं होतं.

मॅडमनी मार्ग काढला. तीन महिने सगळ्या गावानं चुलीवर स्वयंपाक करावा, घरात डब्याएवढं धूर मोजायचं यंत्र टांगावं, आणि धूर पुरेसा साठला की तो कमी करावा. शाळेच्या खोल्यांसाठी गाव तयार झालं. बायकांनी मोडक्या चुली लिंपल्या. सरपंच पोपटरावांनी सरपण वाटलं.

अडली ती एकटी बयाबाई. दौंडला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, आणि धुरात बसलात तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. नवरा गेणबा दिवसभर बिडी ओढत ओट्यावर बसलेला. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला. घरात धड डोळा काय तो बयाबाईचा एवढाच. पण अट शंभर टक्के घरांची होती.

"मावशी, तीनच महिन्याचा प्रश्न हाय," पोपटराव म्हणाले. "तुमच्या एका घरापायी पोरांच्या खोल्या अडल्यात."

"मी धूर केलाच न्हाई, तर कमी काय करू?"

"तीच तर अडचण आहे ना आजी," प्राचीमॅडम कळवळून म्हणाल्या.

यंत्र हातात देऊन मंडळी गेली. बयाबाई ते घेऊन दारात बसली. समोर रस्त्याचं काम चाललं होतं आणि त्याच कंपनीचा रोलर सकाळपासून जागच्या जागी भकाभका धूर सोडत उभा होता. चालक लिंबाखाली जेवत होता. इंजिन बंद का करत नाहीस, असं तिनं विचारलं.

"अम्मा, बंद किया तो फिर चालू नहीं होता."

"व्हय का," बयाबाई म्हणाली. "मग माजा येवढा डबा टांग तुज्या नळकांड्यापाशी."

रस्ता अर्ध्या किलोमीटरचा होता, म्हणून काम तीनच महिने चाललं. बयाबाई गॅसवर भाकरी भाजत राहिली.

आकडे आले तसं हेड ऑफिस हादरलं. एकशे अकरा चुलींनी मिळून केला, त्याच्या चाळीसपट धूर एकट्या बयाबाईनं केला होता. म्हातारी शिजवते तरी काय, हे शोधायला समिती नेमली. समितीनं 'पारंपरिक पदार्थ' अशी नोंद केली. मग तिला बिनधुराची चूल मिळाली, रोलर पुढच्या गावाला गेला, यंत्र घरी आलं, आणि धूर एकदम शून्य. कंपनीचं पाच वर्षांचं उद्दिष्ट एका घरात पुरं झालं.

खोल्या झाल्या. बयाबाईचा सत्कार झाला. अहवालात तिचा पानभर फोटो आहे, डोळा ठणठणीत दिसतो. (चुलीत सध्या कोंबडी अंड्यांवर बसली आहे.) एवढा धूर वाचवल्याबद्दल आणखी दोनशे रोलर बनवायची मोकळीक कंपनीनं स्वतःला दिली.

रस्ता फार गुळगुळीत झाला आहे. परवा तुम्हीच त्यावरून काचा वर करून, एसी लावून गेलात आणि इथली हवा किती स्वच्छ, असं म्हणालात. तुमच्या गाडीच्या धुराची काळजी करू नका. तो गेणबाच्या बिडीवर मांडला आहे, आणि २०५० पर्यंत बिडी सोडायचा शब्द गेणबानं दिला आहे.