जांभळ्या ओढ्याचा स्वच्छता सप्ताह

एका जंगलात एक ओढा होता. तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल? तर मुलांनो, हा ओढा जांभळा होता.

वरच्या अंगाला अस्वलशेठचा रंगाचा कारखाना होता. सगळं जंगल तिथे शेपट्या रंगवून घ्यायचं. उरलेला रंग ओढ्यात. खालच्या अंगाला भागूबाई पाणमांजर राहायची. तिची तिन्ही पिल्लं दिवसभर अंग खाजवत बसायची.

भागूबाई कारखान्यात गेली. रंग ढवळणाऱ्या साळिंदराला म्हणाली, "दादा, एवढा रंग वाया का हो जातो?"

"मापाने टाकत नाही म्हणून. लागतो करवंटीभर, ओततो बादलीभर. मापाने टाकला आणि धुतलेलं पाणी परत हौदात घेतलं, तर ओढ्यात थेंब जाणार नाही. पण मला विचारतं कोण, ताई?"

भागूबाईने त्याला थेट दरबारात नेलं. सिंहमहाराजांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे फक्त एक करवंटी हवी?"

"हो, महाराज."

महाराजांचा चेहरा पडला. "अहो, करवंटीचं उद्घाटन कसं करायचं?"

अस्वलशेठ लगबगीने उठला. "त्यापेक्षा स्वच्छता सप्ताह करू, महाराज! खर्च माझा."

टाळ्या पडल्या. बगळ्यांना गाळण्या वाटल्या, माकडांना झाडू. 'ओढा वाचवा' असे शंभर जांभळे फलक ठरले. ते रंगवणार कोण? अस्वलशेठच. काम घाईचं, म्हणून दोन-दोन बादल्या ओतल्या. ओढा जांभळ्याचा काळा झाला. गाळण्यासुद्धा काळ्या झाल्या.

समारोपाला महाराजांनी अस्वलशेठला शाल आणि नारळ दिला.

भागूबाई पुढे आली. "शेठ, नारळ खाऊन झाला की करवंटी तेवढी मला द्या."

"सत्काराचा नारळ कुणी फोडतं का, बाई?" अस्वलशेठने तो काचेच्या कपाटात ठेवला.

त्याच संध्याकाळी भागूबाई पिल्लांना घेऊन दुसऱ्या जंगलात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी महाराज ओढ्यावर आले. खालच्या अंगाला आता कुणीच अंग खाजवत नव्हतं. ओढा स्वच्छ झाल्याचं त्यांनी तिथेच जाहीर केलं.

तात्पर्य: मुलांनो, घाण सुरू होते तिथेच थांबवू नका. मग सत्कार कुणाचा करणार? आणि सत्काराचा नारळ तर मुळीच फोडू नका. त्यातून माप निघतं.