केसरीनाथाची जीभ आणि रंगाचं मीठ

ज्याच्याशिवाय काम होत नाही आणि काम झालं की ज्याला गटारात सोडतात, त्याला कारखानदारीत 'आवश्यक घटक' म्हणतात. ग्लॉबर मीठ त्यातलंच. दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्यात भलतंच काही बनवताना ते मागं उरतं. मग त्याला आटवायचं, सुकवायचं, गोणीत भरायचं. (माणसाचं असं केलं तर बोभाटा होतो.) सुती धागा रंगाला सहजी थारा देत नाही. हे मीठ रंगाला ढकलून धाग्यात बसवतं आणि स्वतः पाण्याबरोबर बाहेर पडतं. कागदावर ते पाणी शुद्ध होऊन बाहेर पडतं.

टेमघरच्या केसरीनाथाकडं ते विहिरीत पडायचं. भातशेताची जागा कापड रंगवणाऱ्या डाईंगला त्यानंच भाड्यानं दिलेली. पण माणूस जबाबदार. बापआजे खाडीवर मीठ पिकवायचे. चिमूट जिभेवर ठेवली की कुठल्या आगरातलं ते सांगायचे. म्हणून पाण्याची तक्रार आली तेव्हा डाईंगमालक जीवनशेठनं तपासणी समिती नेमली. अध्यक्ष केसरीनाथ, सदस्य त्याची जीभ.

समितीची बैठक मुलीच्या, दिपालीच्या साखरपुड्याच्या सकाळी विहिरीवर भरली. बोलावली बायकोनं, कमळानं.

"अवो, पानी कडू लागतंय. टँकर मागवा. अंबाडी गावचे पावने येतील, पोरीचं लगीन मोडंल."

"खारट लागतंय का?"

"न्हाय, कडू."

"मंग त्यात मीठ न्हाय. मीठ खारट असतं. मला नको शिकवू, आगरात वाढलोय मी."

"आन् जांभळं दिसतंय त्याचं काय?"

"दिसंना का! पानी काय बघायला बोलावलंय पावन्यांना?"

शिवाय टँकर आणला तर जीवनशेठचा अपमान, आणि शेठ तर मुख्य पाहुणे. (स्वतःपुरत्या पाण्याच्या बाटल्या ते घेऊन आले. यजमानाला त्रास नको म्हणून.)

हेच मीठ जुने वैद्य पोट साफ करायला द्यायचे, हे समितीला ठाऊक नव्हतं. पंगतीला कळलं. भात वाढेपर्यंत पंगत केळीच्या बागेत पांगली होती. व्याही दाजी तर पळतानाही नमस्कार घालत होते, खानदानी माणूस.

कमळा पदर तोंडाला लावून उभी. पोरगी अंबाडीच्या गोड पाण्यावर जाईल, एवढीच तिची आस होती. तीही गेली, असं तिला वाटलं.

दाजी परतले. हात धुतले, त्याच पाण्यानं. केसरीनाथाला बाजूला घेतलं.

"खरं सांगा, व्याही. ह्या शेठला अजून जागा पायजे का? आमची रस्त्यालगत हाय. आमच्या विहिरीला चिकटूनच."

अंगठ्या घातल्या गेल्या. टाळ्या पडल्या. दाजींचं बोलणं कानावर पडलेली कमळा एकटीच ढसाढसा रडली, तर बाया म्हणाल्या, आईच ती, लेक चालली म्हणून रडते.

आता तुम्हाला कमळाची कीव आली असेल. यायलाच हवी, भली माणसं तुम्ही. दुकानात कापड हातात घेऊन तुम्ही नेहमी विचारता, "रंग जाणार नाही ना?" दुकानदार सांगतो, नाही जाणार. तो खोटं बोलत नाही. पाणी कुठं जातं, हे विचारणारं गिऱ्हाईक त्याला अजून भेटायचंय.