नव्व्याण्णव पूर्णांक चार टक्के पाणी

आमच्या सोसायटीने पाण्याचं ॲप घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं, "पुरावा काय?" पुढे जे झालं त्याला हे दोन शब्द जबाबदार आहेत. मी नाही.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. सव्वीस वर्षं झाली. नवऱ्याची राख घेऊन बाई समोर बसली, तरी मी मृत्यूचा दाखला मागतो. (दाखला दिला की मूळ प्रत मागतो.) त्यामुळे 'जलज्ञानी' कंपनीची वेबसाइट उघडली आणि मला अगदी ऑफिसात बसल्यासारखं वाटलं. 'पाणी कधी येणार याचा ९९.४ टक्के अचूक अंदाज. सेन्सर आणि एआय. मानवी हस्तक्षेप शून्य.' खाली 'मिरा रोडचं समाधानी कुटुंब' असा फोटो. चौघंही जाड स्वेटर घालून हसत होते आणि मागे शेकोटी पेटलेली. इथे मिरा रोडला, आमच्या सिल्व्हर पार्कात, मे महिन्यात तर काय, जानेवारीतही कोणी पंखा बंद करत नाही.

"उदयभाई, पंद्रह दिन का फ्री ट्रायल है," सेक्रेटरी हंसाबेन म्हणाल्या. "बाजूवाली सोसायटीने पण घेतलाय. और क्या प्रूफ चाहिए?"

"तो प्रूफ नसतो, हंसाबेन."

"तो फिर प्रूफ क्या होता है?"

"ते मी लेखी देतो," मी म्हणालो, आणि इथेच तपासणी समिती स्थापन झाली. सभासद एक. अध्यक्षही तोच.

मी कंपनीला ईमेल केला. ९९.४ हा आकडा किती दिवसांच्या नोंदींवरून काढला, नोंदी कोणी ठेवल्या, उरलेल्या ०.६ टक्क्यांत कोणाकोणाची आंघोळ राहिली, सगळं मुद्देसूद विचारलं. मिनिटाच्या आत उत्तर आलं : 'हाय उदय, तुमचा प्रश्न आम्हाला खूप आवडला.' बस्स. प्रश्न आवडला, म्हणून त्यांनी तो ठेवून घेतला असावा.

मग सेन्सर शोधायला टॉर्च घेऊन टाकीत डोकावलो. एक पाल सापडली. तिच्यावर कंपनीचं नाव नव्हतं.

तरीही अकरा दिवस ॲप बरोबर निघालं. सहा दहा म्हटलं की सहा दहाला पाणी. मला फार वाईट वाटलं. पण माणूस हाडाचा तपासनीस असला की त्याला कुठेतरी खोट दिसतेच. मला धर्माजी दिसला. धर्माजी आमचा वॉचमन, वरसाव्याचा. टाकी भरली की तो तीन शिट्ट्या मारतो आणि अर्धा तास व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे लोक उठणार शिट्टीने आणि कौतुक होणार ॲपचं. ही पुराव्यात भेसळ झाली. ती काढायला हवी.

"रविवारी शिट्टी मारू नकोस," मी त्याला बजावलं. "आणि पाणी कधी सोडणार ते कोणालाही सांगू नकोस."

"वहिनीला पन न्हाय?"

"कोणालाही म्हणजे कोणालाही."

आता रविवारचं सांगतो. आमच्या क्षितिजाचं आणि अभिनवचं दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. ठरायचं होतं ते अभिनवच्या वडिलांचं, गुणवंतरावांचं. ते रात्रभर प्रवास करून लातूरहून येणार, आंघोळ करून जेवणार, आणि मग तारखेचं बोलणार. शनिवारी क्षितिजा म्हणाली, "बाबा, उद्या एक दिवस काहीही तपासू नका. प्लीज." मी बरं म्हणालो. (धर्माजीला सांगून झालं होतं.) पंचशीलेने, म्हणजे आमच्या हिने, कामं वाटली. स्वयंपाक तिचा, घर क्षितिजाचं, पाणी माझं.

ॲपने दहाची वेळ दाखवली. मी निवांत झोपलो. साडेपाचला पाणी आलं, सहाला गेलं. शिट्टी नाही, त्यामुळे चाळीस बिऱ्हाडं माझ्याबरोबर घोरत होती आणि उघड्या राहिलेल्या नळांतून टाकी गटारात गेली.

साडेनऊला गुणवंतराव आले. बरोबर दहाला मोबाइल म्हणाला, 'पाणी आलंय, आनंदी राहा.' मी त्यांना मोठ्या आदराने बाथरूम दाखवलं. पाइपात राहिलेलं पाणी नळाला आलं, साबण लावण्यापुरतं. मग आतून आवाज आला, "अहो पाव्हणं, नळ गेला बगा."

पिण्याच्या तीन बाटल्या होत्या. पंचशीलेने त्या दारातून एकेक आत दिल्या आणि प्रत्येक बाटलीबरोबर माझ्याकडे पाहिलं. क्षितिजा कुणाकडेच पाहत नव्हती. पोरीने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती.

मी धावत खाली गेलो. "धर्माजी, ॲप दहा म्हणतंय आणि पाणी कुठाय?"

"मना काय इचारता? ती कंपनीची बाय रोज फोन करतं, पानी कवा सोरनार म्हनून. मी टायम सांगतंय, ती फोनात टाकतं. आज न्हाय सांगला, तं तिनं मनानंच धा टाकलं आसंल. तुमीच बोलले ना, कोनालाच सांगू नको."

एआय समोर स्टुलावर बसून तंबाखू मळत होता. टाकी कोरडी होती.

वर आलो तर गुणवंतराव कानामागचा फेस पुसत सोफ्यावर बसले होते. मी सगळं सांगून टाकलं. धर्माजीच्या जबानीसकट. त्यांनी दुसऱ्याही कानामागचा फेस पुसून घेतला. मग म्हणाले, "आमच्याकडं आठ-आठ दिवस पानी नसतंय. पन साबन लावायच्या आदी सांगत्यात." मग क्षितिजाकडे वळले, "बाळ, तारीख डिसेंबरची धरू. फकस्त लग्नात पान्याचं काम ह्यांच्याकडं नको."

संध्याकाळी मी अहवाल लिहिला. कंपनीचा दावा खोटा, मानवी हस्तक्षेप शंभर टक्के, हस्तक्षेपाचं नाव धर्माजी. सोसायटीने ॲप नाकारलं आणि धर्माजीचा सत्कार केला. मी समाधानाने वाट पाहू लागलो, कंपनी आता वेबसाइट दुरुस्त करणार.

केलीही. आठवड्याने पंचशीलेने मोबाइल माझ्यापुढे धरला. ९९.४ तसाच होता. त्याच्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढली होती : 'ग्राहकाने स्वतः तपासणी केल्यास पाणी जाऊ शकते.'

"काय हो," ती म्हणाली, "ह्याला पुरावा आहे का?"

त्या अख्ख्या वेबसाइटवर पुरावा असलेलं तेवढं एकच वाक्य आहे. तपासून सांगतोय.