तीन मजले सातपूरचे

सुमनबाई सकाळपासून नवऱ्यावर चिडलेल्या होत्या, आणि दुपारपर्यंत त्यांना त्याचं कारणही मिळालं.

भाचीचं लग्न होतं. शरणपूरच्या चर्चमध्ये लग्न, मागच्या हॉलमध्ये चहापान आणि तिथे कापायला तीन मजली केक. तो सुमनबाईंनी सातपूरच्या घरी स्वतःच्या हातानं केला होता. नवरीची आई, म्हणजे त्यांची वहिनी लताबाई, आधीच म्हणाली होती, "वन्सं, मुंबईहून मागवू या. सातपूरहून येईस्तोवर घरच्या केकचा शिरा व्हायचा." तेव्हापासून सुमनबाईंना एकच ध्यास. केक शाबूत पोचवायचा आणि लताबाईच्या नाकासमोर ठेवायचा.

निवृत्तीरावांनी गाडी ठरवली ती गंगापूरच्या सहादू फुलवाल्याची. टेम्पोत झेंडू, शेवंती, हारांच्या पाट्या आणि मधोमध चादरीत गुंडाळलेला केक.

"धरून बसा. खड्डा आला की श्वास रोखा," सुमनबाईंनी नवऱ्याला बजावलं.

"केकनं की मी?"

"तुम्ही बोलूच नका."

साडी बदलून सुमनबाई मागाहून रिक्षानं हॉलवर पोचल्या. टेबलावर पांढरा कपडा होता आणि त्यावर झेंडूची पाटी. शेजारी निवृत्तीराव खिशाचा गुलाब नीट करत उभे होते.

"केक?"

"तेच बघतोय. मागं नाही दिसत."

वाटेत त्र्यंबक रोडवरच्या मंगल कार्यालयात, दुसऱ्याच एका लग्नाची फुलं उतरवायला सहादू थांबला होता. लग्नघरचे चार उत्साही पुतणे धावले आणि टेम्पोत हाताला लागेल ते उतरवून मोकळे झाले.

"आन् मला वाटलं, साहेब हायेत ना मागं," सहादू म्हणाला.

"तुम्ही कुठे होतात हो?"

"समोर. चहाला. आलो तो पुढंच बसलो, मागं झेंडूचा वास फार येतो."

"चहाला," सुमनबाई म्हणाल्या. तो शब्द त्यांनी असा उच्चारला की सहादूनं न सांगता टेम्पो सुरू केला.

कार्यालयात रुखवत मांडलं होतं. मण्यांचे पोपट, लोकरीचं तोरण, साखरेचं तुळशीवृंदावन. आणि सगळ्यांच्या वर, पाटावर, सुमनबाईंचा केक. त्याला चिठ्ठी डकवलेली: चि. सौ. कां. कला हिने स्वहस्ते तयार केले.

सुमनबाईंनी पदर खोचला. तेवढ्यात तिथल्या नवरीच्या आईनं, अक्काबाईंनी, त्यांना पडद्याआड ओढलं.

"ताई, पाया पडते. पोरांनी आणून ठेवलं, मला वाटलं शेजारणीनं हौसेनं पाठवलं असेल. मालेगावच्या विहीणबाई सकाळपासून फुगून बसल्या होत्या हो. हे बघून पहिल्यांदा हसल्या."

"त्यांच्या हसण्यापायी माझ्या भाचीनं झेंडू कापायचा का?"

"संध्याकाळपर्यंत तरी राहू द्या."

"एक मिनिट नाही."

सुमनबाई पडदा झटकून बाहेर आल्या, तर विहीणबाई केकसमोर उभ्या होत्या. "पोरगी सुगरण शे," त्या सगळ्यांना सांगत होत्या. "आणा सुरी. चाखून तर बघू."

सुमनबाईंच्या पायाखालची फरशी सरकली. कारण घरच्या भट्टीत एका मजल्यापुरताच केक मावला होता. खालचे दोन मजले म्हणजे गोल पत्र्याचे डबे होते, अंड्याच्या पांढऱ्यात साखर घोटून वरून लिंपलेले. हे गुपित त्यांनी नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. सुरी खालच्या मजल्याला टेकली असती तर साऱ्या मांडवात ठणठणाट झाला असता, आणि शरणपूर तिथून हाकेच्या अंतरावर.

"सुरी ठेवा खाली," त्या कडाडल्या. सनईवालासुद्धा थांबला. "रुखवत बघायचं असतं. त्याला सुरी लावायची ही कुठली रीत? मालेगावात मांडव घालायच्या आधीच जेवता वाटतं."

"तुम्ही कोण?"

"नवरीची मावशी."

अक्काबाईंनी जोरजोरात मान डोलावली.

"आणि वरचा मजला मावशीच्या मानाचा असतो. तो मी नेतेय. खालचे दोन सासरी न्या, काचेच्या कपाटात ठेवा. हात लावू नका."

"आमले म्हाईत शे," विहीणबाई पडल्या चेहऱ्यानं म्हणाल्या आणि सुरी पदराआड गेली.

हॉलवर झेंडूच्या गोल गादीवर ठेवलेला तो एकुलता मजला बरा दिसत होता. लताबाई लगेच आलीच. "तीन म्हणाला होतात ना, वन्सं?"

"दोन मालेगावच्या पाहुण्यांनी ठेवून घेतले. सोडायलाच तयार नाहीत. मुंबईच्या केकचं असं झालेलं ऐकलंयस का तू कधी?"

लताबाईचा चेहरा उतरला. भाचीनं केक कापला, सगळ्यांनी वाखाणला. दिवसभरात पहिल्यांदाच सुमनबाईंच्या कपाळावरची आठी गेली.

"बरं वन्सं," जाता जाता लताबाई म्हणाली, "चकल्या ठेवायला म्हणून नेलेले माझे ते दोन गोल डबे तेवढे धाडून द्या."

निवृत्तीराव सुमनबाईंच्या कानाशी वाकले. "तेही मालेगावलाच गेले म्हणून सांगू का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" सुमनबाईंनी दातांतून विचारलं.

"सांगायला कशाला हवं? टेम्पोत चढवताना हातालाच कळलं. म्हणून तर निवांत चहा प्यायला गेलो. म्हटलं, डब्यांना काय होतंय."

सुमनबाईंनी ताटलीतला केकचा उरलेला तुकडा उचलला आणि अख्खाच्या अख्खा नवऱ्याच्या तोंडात कोंबला. फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फोटो काढला.

"बघा," लताबाई पाहुण्यांना म्हणाली, "या वयातही किती प्रेम आहे."