पांढऱ्या गाडीतले दोष

जुनी गाडी पारखावी तर मीच! बॉनेटवर कान ठेवला की गाडीचा सगळा इतिहास मला ऐकू येतो. बायकोचं, म्हणजे मृण्मयीचं, मत जरा वेगळं होतं.

"आठ महिन्यांत अकरा गाड्या नाकारल्यास, स्वानंद. स्कूटरवर भिजत आणखी एक पावसाळा मी काढणार नाही!"

ही २००६ सालची गोष्ट. मी आयटी पार्कात नोकरीला, भाड्याची खोली जवळच्याच माण गावात. बारावी गाडी होती ताम्हिणीच्या वाटेवरच्या माले गावात. मालक कुशाबा, साठीचे शेतकरी. गुडघ्यांमुळे क्लच दाबवत नाही म्हणून गाडी विकायला काढलेली. पाच वर्षांची, छोटी, पांढरीशुभ्र! मृण्मयी तर बघताक्षणी आत जाऊन बसली.

मी एक चक्कर मारली. गाडी सोनं होती, सोनं! पण उतरताना चेहरा असा केला, जणू मयताला आलोय. भाव पाडायचा तर असंच करायचं असतं म्हणे.

"इंजिन कुरकुरतंय," मी म्हणालो.

"काय सांगता!" कुशाबा दचकले.

"ब्रेकचा भरवसा नाही. चासी, म्हणजे सांगाडाच, वाकलीय बहुतेक. उद्या ताम्हिणीच्या घाटात..." आणि मी एक लांब सुस्कारा सोडला.

त्या सुस्काऱ्याने घात केला! कुशाबा ओट्यावर मटकन बसले. "अगं, भाईर ये! ह्या गाडीतनं म्या नातवंडं फिरवली गं!" त्यांची बायको रंभाबाई धावत आली आणि तिने डोळ्याला पदरच लावला.

"मग किती कमी करता?" मी मुद्द्यावर आलो.

"कमी? आवो, आता फुकाट बी द्यायची न्हाई! लेकीवानी पोरगी, तिला असल्या गाडीत बसवू व्हय? उतर गं बाय आधी!"

मृण्मयी उतरली. माझ्याकडे बघितलं. मला ऐन थंडीत घाम फुटला.

"अहो, गाडी छान आहे!" मी घाईघाईने कुशाबांना म्हणालो.

"मन राखाय बोलू नका."

"इंजिन मस्त आहे!"

"मघाशी कुरकुरत हुतं की."

"ती माझी चप्पल होती!"

"अन् चासी?"

"सरळ आहे! मी खोटं बोललो!"

कुशाबांनी माझे दोन्ही हात धरले. "बघ गं," ते रंभाबाईला म्हणाले, "मला वाईट वाटू नये म्हनून सोताला खोटारडा म्हनवून घेतोय. लई भला मानूस!"

मी पूर्ण किंमत देऊ केली. वर पाच हजार देऊ केले. तेव्हा रंभाबाईने किल्लीच कमरेला खोचली.

गाडी घेऊनच परतू म्हणून स्कूटर घरी ठेवलेली, आणि आता परतायला एसटी नव्हती. "गाडीनं सोडलं असतं," कुशाबा हळहळले, "पन आता जीव धजत न्हाई." मग त्यांच्या पुतण्याने, भैरूने, ट्रॅक्टर काढला. मागच्या ट्रॉलीत आम्ही दोघं आणि शेणखत. मृण्मयी माझ्याकडे पाठ करून बसली. काहीतरी बोलावं म्हणून मी ओरडलो, "ट्रॅक्टर भारी आहे हं!"

भैरू आनंदाने मागे वळला. "घेता का? इकायचाच हाय!"

मी तोंड उघडणार, तोच मृण्मयीने त्यावर हात दाबला. तो पौडचा एसटी स्टँड येईपर्यंत काढला नाही!