तात्यांची न पोतारलेली भिंत

तात्या हवालदारांच्या घरी गेलात तर भिंतीला पाठ टेकायची सोय नव्हती. टेकली की हुकूम सुटे, "पाठ काढा मास्तर, पावडर पुसतीया."

लढाई संपून तात्या ब्रह्मदेशातून कृष्णाकाठच्या आमच्या गावी परतले आणि त्यांच्या पाठोपाठ डासांवरची डीडीटी आली. सरकारी माणसं दर पावसाळ्यात घरोघरी ती फवारून जात. बायका भिंतींवरचे पांढरे ओघळ बघून नाकं मुरडत आणि नवरात्राआधी शेणामातीनं सगळं झकास पोतारून टाकत. औषध मातीखाली आणि डास मातीवर! एकट्या तात्यांनी भिंतीला बोट लावू दिलं नाही. भावजय म्हणे, "सुतक असल्यागत दिसतंय घर." तात्या म्हणत, "लढाईतला मोर्चा हाय ह्यो. मोर्च्याला कुनी रंग देतं व्हय?"

रोज सकाळी कंदिलाच्या काचेत एक डास धरायचा आणि काच भिंतीला लावून बसायचं, हा त्यांचा नेम. पहिल्या वर्षी डास पटापट पडले. काही वर्षांनी मात्र तासभर भिंतीवर बसलेला डास काच उचलताच तात्यांनाच चावून गेला. "गडी पावडर पचवाय शिकला, मास्तर. आता ह्याची पोरंबी पचवनार." मी हसलो. हवालदाराचं डोकं फिरलंय असं गाव म्हणतच होतं, मीही मनातल्या मनात मान डोलावली.

मग सांगलीहून फवारणी खात्याचा साहेब आला. फवारणी झालीय, आता गावाला थंडीतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या बंद, असं त्यानं सांगितलं. तात्यांनी त्याला घरी नेऊन काच दाखवली.

"आवं सायेब, यंदाची ताजी पावडर हाय. तरी ह्यो बघा, मिशा पुसत बसलाय."

"भिंत पोतारली असणार तुम्ही," साहेब म्हणाला.

अख्ख्या गावात न पोतारलेली भिंत एकच, आणि ठपका नेमका तिच्यावर! मला हसू आवरेना. तात्या हसले नाहीत. "गोळ्या तेवढ्या बंद करू नगासा," म्हणत ते जीपपर्यंत हात जोडून गेले.

हवालदारानं कुणापुढं हात जोडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. जीप गेल्यावर विचारलं, "तात्या, एवढी गयावया कशाला?"

"तिकडं लढाईत सुभेदार रोज हीच गोळी गिळाया लावायचा. कडू जहर. त्येची पाठ वळली की आमी थुकायचो. मी लय थुकल्या, मास्तर. त्याच पावसाळ्यात आमची लेक यसू हितं थंडीतापानं गेली. घरची मानसं साऱ्या गावात हिंडली, तिला एक गोळी मिळंना. समद्या गोळ्या पलटणीकडं गेलेल्या."

भारी वाईट वाटलं, स्वतःच्या हसण्याची लाजही वाटली. घरी जाऊन दौत-टाक घेऊन आलो आणि त्यांच्या ओट्यावर बसून साहेबाच्या वरच्या साहेबाला अर्ज लिहायला घेतला.