डोळ्यांच्या उंचीवरचा कुकर

"जावईबापू, कुकर द्या."

"आई, आज कुकर मिळायचा नाही. आज कुकर डोळ्यांच्या उंचीवर आहे."

सासूबाईंनी पाहिलं. जेवणाच्या टेबलावर कुकर, कुकरवर लॅपटॉप आणि लॅपटॉपपुढे इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसलेला जावई. बाजूला टेबललॅम्पची मान वाकवून त्याचा सगळा उजेड जावयाच्या तोंडावर सोडलेला. दोन माणसांच्या घरात कुकर एकच होता.

"मग भात कशात लावू? लॅपटॉपमध्ये?" असं म्हणून त्या झाडांना पाणी घालायची झारी शोधायला निघून गेल्या.

जावई एका लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रार विभागाचे प्रमुख होते. कुठल्या इमारतीची लिफ्ट बंद पडली, आत कोण अडकलं, कुणाला पाठवायचं, हे सगळं त्यांची टीम बघायची. अर्धी टीम ऑफिसात आणि अर्धी आपापल्या घरी असायची. प्रमुखांचं काम चोख होतं. तक्रार होती ती प्रमुखांबद्दलच, आणि ती वरून आली होती.

"तुम्ही काम उत्तम करता," संचालिका मॅडम म्हणाल्या होत्या, "पण पडद्यावर तुमचं नुसतं कपाळ दिसतं. कपाळ आणि पंखा. टीम अशी विखुरलेली असली की धरून ठेवणारा माणूस लागतो. छाप पडायला हवी. पुरवठा विभागाच्या प्रमुखांची पडते बघा."

पुरवठा विभागाच्या प्रमुखांना सगळी कंपनी नगारा म्हणायची. त्यांच्याशी बोलताना लोक स्पीकर बंद करत, तरी आवाज यायचा. मॅडमचं म्हणणं सरळ होतं. पुढच्या शुक्रवारी त्या मीटिंगला येऊन बसतील. छाप दिसली तर ठीक, नाहीतर ही टीम नगाऱ्याच्या हाताखाली जाईल.

प्रमुखांना पदाचं काही वाटलं नसतं. पण बायको गेल्यापासून घरात सासूबाई आणि पडद्यावर टीम, एवढीच माणसं त्यांना उरली होती.

म्हणून त्यांनी छाप पाडायचा ऑनलाइन वर्ग लावला. तिथल्या गुरुजींनी सांगितलं, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा, चेहऱ्यावर उजेड हवा, हात स्थिर हवेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणी प्रश्न विचारला की लगेच उत्तर द्यायचं नाही. थांबायचं. जो कमी हलतो तो मोठा वाटतो.

प्रमुखांनी घरी सराव सुरू केला. "आई, तुम्ही काहीतरी विचारा. मी थांबून उत्तर देतो."

"दूध आणलंत का?"

प्रमुख थांबले. भिंतीकडे बघत राहिले.

"आणलं नाही असं समजते," म्हणून सासूबाई पायात चपला घालून दूध आणायला गेल्या. परत आल्या तेव्हा प्रमुख म्हणाले, "हो, आणलंय." त्या दिवशी दूध दुप्पट झालं.

पण सराव म्हणाल तर झाला. शुक्रवार येईपर्यंत ते असे थांबू लागले की खिडकीत येणारी साळुंकी धीट होऊन टेबलावर उतरायची.

मीटिंग सुरू झाली. एका चौकोनात ताई होत्या, टीममधल्या सगळ्यात जुन्या. त्या घरून तक्रारींचे फोन घ्यायच्या. दुसऱ्या चौकोनात धाकटी, टीममधली सगळ्यात लहान, तीही घरून. तिसऱ्या चौकोनात ऑफिसातला स्क्रू. सुट्या भागांचं कपाट त्याच्या ताब्यात होतं, आणि अंगानेही तो तसाच, बारीक आणि पिळदार. चौथ्या चौकोनात मॅडम, सरळ बसलेल्या, न हसता.

"पहिला प्रश्न," मॅडम म्हणाल्या. "त्या मोठ्या इमारतीची लिफ्ट पुन्हा पुन्हा बंद पडते. का?"

उत्तर प्रमुखांच्या जिभेवर होतं. पण गुरुजी आठवले. ते थांबले. हात टेबलावर, नजर कॅमेऱ्यात. लॅम्पचा उजेड चष्म्याच्या काचांवर असा पडला होता की पापण्या लवल्या तरी दिसू नयेत. सगळं इतकं छान जमलं होतं की त्यांना वाटलं, आणखी थोडं थांबू.

"सर हँग झाले," स्क्रू म्हणाला.

प्रमुख तोंड उघडणार, एवढ्यात ताई म्हणाल्या, "झाले ना? बरं झालं बाई. जरा श्वास तरी घेता येईल."

आता बोलावं तर ताईंची फजिती, न बोलावं तर आपली. प्रमुखांनी आपली पत्करली. ते हलले नाहीत.

"लाइन येईपर्यंत मला मोकळेपणाने सांगा," मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. "सर कसे आहेत?"

"हल्ली ना?" ताई म्हणाल्या. "हल्ली भीती वाटते मॅडम. परवा मी सुट्टी मागितली. सर काही बोलेनात, नुसते बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की शेवटी मीच म्हटलं, राहू द्या सर, नको सुट्टी. भाचीचा साखरपुडा गेला माझा."

"मी तर गुड मॉर्निंग म्हटलं," स्क्रू म्हणाला, "आणि जेवायची वेळ झाली तरी उत्तर नाही. मी दिवसभर आठवत बसलो, काय चुकलं."

"मला वाटलं मला काढणार," धाकटी म्हणाली. "मी दुसरीकडे अर्ज टाकलाय."

प्रमुखांच्या मानेवरून घामाचा एक थेंब निघाला आणि कॉलरकडे चालू लागला. पुसायची सोय नव्हती.

"आणि आधी कसे होते?" मॅडमनी विचारलं.

"आधी कपाळ होते," स्क्रू म्हणाला.

"म्हणजे?"

"कपाळ आणि पंखा. पण बरं वाटायचं. दिसायचं कमी, पण आपल्याकडे लक्ष आहे असं वाटायचं."

"खरं सांगू का मॅडम," ताई म्हणाल्या, " ते एकटे नव्हते. लॅपटॉपच्या मागे वहिनी बसलेल्या असायच्या. हळूच सांगायच्या, 'ताईंच्या गुडघ्याचं विचारा. त्या मुलीचा आवाज बसलाय, तिला गरम पाणी प्यायला सांगा.' मग सर घसा साफ करून विचारायचे, 'ताई, गुडघा कसा आहे?' त्यांना वाटायचं आम्हाला ऐकू येत नाही."

"सगळं ऐकू यायचं," धाकटी म्हणाली. "एकदा वहिनी म्हणाल्या, 'आता पुरे करा, भूक लागली असेल पोरांना.' आणि सर म्हणाले, 'माझ्या मते आपण इथेच थांबू.'"

सगळे हसले. मॅडमच्या ओठांची एक कड हलली.

"दोघांचा मिळून एक प्रमुख होता आमचा," ताई म्हणाल्या. "वहिनी गेल्या आणि सर अर्धे राहिले. ते चाललं असतं आम्हाला. पण हा नवीन पुतळा कुठून आला कोण जाणे."

प्रमुखांना समोरचं सगळं धूसर दिसू लागलं. त्यांनी ते लॅम्पवर ढकललं.

नेमक्या तेव्हा सासूबाई झारी घेऊन आत आल्या. प्रमुखांच्या मागे खिडकीत कुंड्या होत्या. त्यांनी पहिल्या कुंडीला पाणी घातलं, दुसरीला घातलं, पदराने खिडकीची कड पुसली.

"सरांच्या मागे कुणीतरी हललं," धाकटी म्हणाली.

"कसं हलेल? सर हँग आहेत."

"सर हँग आहेत, पण आजी चालू आहेत."

स्क्रू पडद्याजवळ आला. त्याच्या नाकाने त्याचा सगळा चौकोन भरला. "कधी कधी अर्धंच चित्र अडकतं," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात जीव नव्हता.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. धाकटीने तोंडावर हात ठेवला. ताईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग त्यांनी आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं.

लिफ्टमध्ये माणूस अडकला की त्या खात्याचा एक नियम होता. मेकॅनिक पोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहायचं. तो उत्तर देवो न देवो, फोन ठेवायचा नाही.

"सर," ताई त्या फोनवरच्या आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका. दार ओढू नका. हवा आत येत असते. आमचा माणूस निघालाय. तोवर मी बोलत राहते."

"कुणाशी बोलताय?" मॅडमनी विचारलं.

"आत माणूस असतो मॅडम. त्याला आपलं ऐकू येत असतं."

माणूस खरोखरच निघालेला होता. सासूबाई टेबलापाशी आल्या. जावई गप्प, जावई निश्चल, म्हणजे मीटिंग संपली आणि डुलकी लागली, असा त्यांनी सरळ हिशेब केला. एका हाताने लॅपटॉप उचलला, दुसऱ्या हाताने कुकर काढून घेतला, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

पडदा डुगडुगला, आडवा झाला, सरळ झाला. मग त्यात एक ओळखीचं कपाळ आलं आणि वर फिरणारा पंखा.

"आले," धाकटी म्हणाली. "सर आले."

प्रमुखांनी रुमालाने मान पुसली, मग चष्मा काढून डोळे पुसले. "माफ करा. लाइन गेली होती. मला काहीच ऐकू आलं नाही."

"काहीच नाही ना, सर?" ताईंनी विचारलं.

"एक शब्द नाही. ताई, गुडघा कसा आहे?"

"बराय, सर."

"सुट्टी घ्या चार दिवस. साखरपुडा हुकला, निदान भाचीला भेटून तरी या. स्क्रू, गुड मॉर्निंग. आणि धाकटे, तो अर्ज मागे घे."

धाकटी टेबलाखाली काहीतरी पडलं म्हणून वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

"माझा प्रश्न राहिला," मॅडम म्हणाल्या.

"त्या लिफ्टच्या दाराचा एक भाग झिजलाय. स्क्रूने तो कधीच मागितलाय. मागणी पुरवठा विभागात पडून आहे. आम्ही रोज विचारतो, ते रोज मोठ्याने सांगतात की लवकरच येईल."

आता मॅडम गप्प झाल्या. एकटक बघत राहिल्या. पापणी लवेना.

"मॅडमपण हँग?" स्क्रू पुटपुटला.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "मी विचार करतेय." मग त्या म्हणाल्या, "टीम आहे तिथेच राहील. आणि तो कॅमेराही आहे तिथेच राहू द्या."

आतून कुकरची शिट्टी झाली. टीमने ती टाळीसारखी ऐकून घेतली.

पुढच्या शुक्रवारी कपाळ वेळेवर हजर होतं. मॅडमही होत्या. यायचं काही कारण नव्हतं, आणि त्यांनी ते सांगितलंही नाही. लॅपटॉपच्या मागे सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांची मुलगी जिथे बसायची तीच खुर्ची. इतके दिवस ती रिकामी होती. सासूबाईंनी कुणाला विचारलं नाही, शेंगांची पाटी घेऊन आल्या आणि बसल्या.

"त्या धाकटीचे डोळे सुजलेत," त्या हळूच म्हणाल्या. "झोप होते का विचारा."

प्रमुखांनी घसा साफ केला. "धाकटे, झोप होते का?"

धाकटी उत्तर द्यायला लागली आणि चारही चौकोन एकदम थिजले. ताईंचं तोंड उघडं, स्क्रूचा हात डोक्यावर, मॅडमची मान वाकडी.

"चेष्टा करतायत," प्रमुख म्हणाले. त्यांनी वाट पाहिली. साळुंकी येऊन गेली. कुणी हललं नाही. "नाही आई, लाइन गेली."

"मग बंद करा ते."

"नको. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं असतं." त्यांनी त्या थिजलेल्या तोंडांकडे पाहिलं. "तुम्हाला ऐकू येत नाहीये म्हणून सांगतो. त्या दिवशी मला सगळं ऐकू आलं होतं. तिचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचत होतं हे मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. कळलं असतं तर लाजली असती, आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी मोठ्याने बोलली असती. तुम्ही सगळे तिच्या ओळखीचे आहात, म्हणून मला तुमच्यासमोर बसायला बरं वाटतं. एवढंच."

सासूबाईंनी नाक ओढलं आणि शेंगा बाजूला ठेवून पडद्यासमोर आल्या. आपण रडत नाही हे दाखवायला त्यांना काहीतरी बोलणं भाग होतं.

"या कोण? वाकड्या मानेच्या?"

"आमच्या मॅडम."

"अगं बाई. कडू काढा प्यायल्यासारखं तोंड आहे. कुणी विचारत नसणार हो हिला, जेवलीस का म्हणून. हसली तर चांगली दिसेल."

तेवढ्यात प्रमुखांचा मोबाइल वाजला. ताईंचा निरोप होता.

'सर, चित्र तेवढं अडकलंय. आवाज येतोय. सगळ्यांना.'

प्रमुखांनी तो वाचला, सासूबाईंना दाखवला, आणि दोघंही पडद्यासमोर अशी निश्चल बसली की गुरुजींनी पाहिलं असतं तर धन्य झाले असते.

मग चित्र सुटलं. ताई डोळे पुसत होत्या, स्क्रू टेबलावर डोकं टेकून हसत होता, धाकटीचं काही कळत नव्हतं. आणि मॅडम मान सरळ करून, दात दिसतील इतक्या हसत होत्या.

सासूबाईंनी वाकून त्यांना नीट न्याहाळलं.

"बघा," त्या जावयाला म्हणाल्या, "सांगितलं नव्हतं?" आणि मग पडद्याकडे वळून, "जेवलीस का गं?"